वाचक विचारतात: पिरॅमिड मोजायचा तर कोणाच्या हाताने?

मागच्या अंकात गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा, म्हणजे इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडचा, फोटो छापला आणि खाली दोनच ओळी टाकल्या, की ह्याच्या चारी बाजू चार दिशांना जवळपास काट्यावर बसलेल्या आहेत. तेवढ्यावरून एवढी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. निम्म्या पत्रांची सुरुवात "मी एक व्हिडिओ बघितला" अशी आहे, त्यात वाईट काही नाही, मीही बघतो, रात्री एक वाजेपर्यंत बघतो, पण व्हिडिओ संपल्यावर कागद-पेन घेऊन बसलं की मजा दुप्पट होते. तेच करू.

"खुफूच्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ आहे आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आकडा तोच! आता हाही योगायोग म्हणणार का?"

हो, म्हणणार. हा प्रश्न सात जणांनी पाठवलाय त्यामुळे सगळ्यात आधी घेतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर, आणि पिरॅमिडची एक बाजू आहे २३० मीटर, म्हणजे एवढ्याशा जागेत अंशाचा सुमारे ०.००२ भाग बसतो. मध्यबिंदू २९.९७९२ धरला तर २९.९७८२ पासून २९.९८०२ पर्यंतचा कुठलाही आकडा घ्या, तो पिरॅमिडच्या अंगावरच पडणार. दशांशानंतरचे सात आकडे जुळले असं वाटतं ना, त्यातले शेवटचे चार-पाच आपण स्वतः निवडलेत, पिरॅमिडने नाही.

आणि दुसरं म्हणजे मीटर. मीटर हे माप फ्रान्समध्ये १७९०च्या दशकात ठरलं, पृथ्वीच्या उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून, आणि प्रकाशाच्या वेगाचा हा असा पूर्णांकी आकडा तर १९८३मध्ये मीटरची व्याख्याच बदलून पक्का केला. खुफूचे लोक मोजायचे हाताने, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि सरकारी कामाला जो शाही हात होता तो सुमारे ५२.४ सेंटीमीटरचा. त्या हातात प्रकाशाचा वेग काढलात तर सेकंदाला सत्तावन्न कोटी हातांच्या आसपास येतो आणि तो आकडा पिरॅमिडवर कुठेच सापडत नाही. ह्या सदरात पुढे हेच पुन्हा पुन्हा येणार आहे, की आकडा जुळला म्हणून उड्या मारायच्या आधी तो कोणाच्या मापात जुळला ते बघा.

"मी शाळेत गणित शिकवतो. पिरॅमिडच्या परिमितीला दुप्पट उंचीने भागलं तर पाय (π) मिळतो, हे मी स्वतः करून बघितलंय. आणि सोनेरी गुणोत्तरही मिळतं. मुलांना काय सांगू?"

सर, तुमचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मुलांना करायलाच लावा, फक्त मीटरमध्ये नको, हातांमध्ये.

बाजू ४४० हात, उंची २८० हात. (मीटरमध्ये २३०.३ आणि १४६.६, आता वरचं टोक गेल्यामुळे उंची कमी भरते.) परिमिती झाली १७६०, भागिले ५६०, उत्तर २२/७. आपण शाळेत पाय म्हणून जे शिकवतो तेच, दशांशाच्या भानगडीत न पडता. इथे मुलं एकदम गप्प होतील, आणि मग पुढचा भाग सांगायचा.

इजिप्तमध्ये उतार अंशात मोजत नव्हते. एक हात म्हणजे सात तळहात, एक तळहात म्हणजे चार बोटं, आणि उताराचं माप म्हणजे एक हात वर गेल्यावर भिंत किती तळहात आत सरकते ते. ह्याला ते सेकेद म्हणायचे. गवंड्याला ह्याच्याइतकं सोपं काही नाही, लाकडी गुण्या बनवा, उभी बाजू सात तळहात, आडवी जेवढा सेकेद असेल तेवढी, आणि प्रत्येक दगड त्याला लावून तासा. खुफूचा सेकेद साडेपाच तळहात. म्हणजे ७ वर, ५.५ आत.

आता परिमिती भागिले दुप्पट उंची हे सेकेदमध्ये लिहा: ४ गुणिले सेकेद भागिले ७. साडेपाच टाकले की २२/७ आपोआप पडतो कारण खाली सात आधीच बसलेला आहे! सात आला कुठून, तर हाताचे सात तळहात म्हणून. कोणीही कुठेही ह्या पद्धतीने साडेपाच सेकेदचा पिरॅमिड बांधला की त्यात पाय "सापडणार", आणि सापडतोही, मैदूमचा पिरॅमिड खुफूच्या आधीचा, त्याच्या बाहेरच्या अस्तराचा उतार हाच आहे.

आता मुलाकडे बघू. खुफूचा मुलगा खाफ्रे, शेजारचाच पिरॅमिड, त्याचा सेकेद सव्वापाच. ४ गुणिले ५.२५ भागिले ७ बरोबर ३. मग काय, बापाला पाय माहीत होता आणि पोरगा विसरला? सव्वापाचला सात म्हणजे ३ ला ४, तो काटकोन त्रिकोण ३-४-५चा होतो, त्यामुळे काही जण खाफ्रेच्या पिरॅमिडात पायथागोरस बघतात, म्हणजे एकाच घराण्यात एकाने पाय लपवला, दुसर्‍याने पायथागोरस, आणि दोघांमधला फरक मोजला तर एक बोट! साडेपाच तळहात म्हणजे बावीस बोटं, सव्वापाच म्हणजे एकवीस.

सोनेरी गुणोत्तराचंही तेच. तिरकी उंची येते सुमारे ३५६.१ हात, भागिले अर्धी बाजू २२०, उत्तर १.६१८६, आणि खरं सोनेरी गुणोत्तर १.६१८०. जवळ आहे, पण ज्या उतारात पाय जवळपास येतो त्याच उतारात हेही जवळपास येतं, ते दोन आकडेच एकमेकांना तसे चिकटलेले आहेत, म्हणजे दोन चमत्कार नाहीत, एकच आहे आणि तोही बावीस बोटांचा.

त्यांचं स्वतःचं गणित काय होतं ते आपल्याला कागदावर मिळालंय. र्‍हाइंड पपायरस म्हणतात तो आहमोसे नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५०च्या सुमाराला जुन्या प्रतीवरून उतरवून घेतला, पिरॅमिडांनंतर हजार वर्षांनी, पण त्यात सेकेदची उदाहरणं सरळ दिलीत. ५७वं उदाहरण असं, की पायाची बाजू १४० हात आणि सेकेद पाच तळहात एक बोट, तर उंची किती. (उत्तर ९३ आणि एक तृतीयांश. मुलांना घरचा अभ्यास म्हणून द्या.) आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला ते व्यासाचा नववा भाग वजा करून उरलेल्याचा वर्ग करायचे, त्यातून जो पाय निघतो तो ३.१६. म्हणजे दगडात वर्तुळ लपवायचंच असतं तर त्यांनी ३.१६ लपवला असता ना, आपला २२/७ कशाला?

भूमिती बघायचीच असेल तर आत राजाच्या दालनात बघा. फरशी २० हात बाय १० हात, आणि उंची मात्र विचित्र, अकरा हातांपेक्षा थोडी जास्त, ५.८ मीटर. ही उंची फरशीच्या कर्णाच्या बरोबर निम्मी आहे, आणि त्यामुळे आखूड भिंतीचा कर्ण येतो १५ हात, लांबी २० हात, आणि दालनाच्या एका खालच्या कोपर्‍यातून समोरच्या वरच्या कोपर्‍यापर्यंतचा कर्ण २५. पंधरा, वीस, पंचवीस, त्यांच्याच हातात, पूर्णांकात. हे ठरवून केलेलं असेल असं मला तरी वाटतं. गंमत म्हणजे ह्यावर व्हिडिओ फार कमी आहेत.

"मी पस्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर लाइनआउट दिलाय. चारशे फुटाची लाइन काटकोनात आणायची म्हणजे काय असतं ते मला विचारा. होकायंत्र नाही, थिओडोलाइट नाही, मग उत्तर दिशा कशी पकडली?"

साहेब, तुमच्यासारख्या माणसालाच ह्यातली खरी भीती कळते, बाकीच्यांना नुसतं "वा" म्हणता येतं. आधी आकडे देतो. १९२५मध्ये कोल नावाच्या सर्व्हेअरने पायाच्या बाजू मोजल्या: उत्तर २३०.२५, दक्षिण २३०.४५, पूर्व २३०.३९, पश्चिम २३०.३६ मीटर. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड ह्यात वीस सेंटीमीटर. कोपर्‍यात सगळ्यात मोठी चूक अंशाच्या साडेतीन मिनिटांची. पायाची फरसबंदी लेव्हलला दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत. आणि आता तुम्ही हसाल, कर्ण मोजून काटकोन तपासायची सोयच नव्हती कारण मध्ये मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवून त्याच्याभोवती बांधकाम केलंय.

म्हणजे एकेक बाजू स्वतंत्रपणे धरली पाहिजे. बाजूंना समांतर खडकात खड्ड्यांच्या रांगा अजून दिसतात, त्यात खुंट्या रोवून दोरी ताणली असणार, तुमच्या लाइनदोरीसारखीच. पायाभरणीच्या विधीचं नावच तिकडे "दोरी ताणणे" असं होतं, राजा एका टोकाला आणि सेशात ही लेखन-मोजमापाची देवी दुसर्‍या टोकाला, असं चित्र देवळांवर कोरलेलं असतं.

आता दिशा. खुफूच्या बाजू खर्‍या उत्तरेपासून सुमारे साडेतीन-चार मिनिटं वळलेल्या आहेत, अंशाचा पंधरावा-सोळावा भाग. २३० मीटरच्या बाजूच्या टोकाला हे पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास भरतं. होकायंत्राने हे जमलंच नसतं, ते असतं तरी, कारण चुंबकीय उत्तर खर्‍या उत्तरेपासून अनेक अंश भटकत असते.

"ध्रुवतारा बघितला असेल" असं चार जणांनी लिहिलंय. कुठला ध्रुवतारा? पृथ्वीचा आस भोवर्‍यासारखा डुलतो, सव्वीस हजार वर्षांत एक फेरी, आणि आपला आत्ताचा ध्रुवतारा तेव्हा ध्रुवापासून खूप लांब होता. कालेय तारकासमूहातला ठुबान हा इ.स.पू. २८००च्या सुमाराला ध्रुवाच्या अगदी जवळ होता पण खुफूच्या वेळेपर्यंत, म्हणजे इ.स.पू. २५५०च्या आसपास, तोही अंशाहून जास्त सरकला होता. ज्यांची चूक अंशाच्या पंधराव्या भागाची आहे त्यांना असा तारा एकदाच बघून चालणार नाही.

मग दोन-तीन रस्ते उरतात. पहिला तार्‍यांचा: ध्रुवाच्या दोन्ही अंगांना असलेले दोन तारे घ्यायचे, ते फिरत फिरत एकाच वेळी एकाखाली एक येतात, समोर ओळंबा टांगायचा आणि दोन्ही तारे दोरीवर आले की ती उत्तर. केट स्पेन्स ह्या केंब्रिजच्या संशोधिकेने २०००मध्ये हेच मांडलं, तारे धरले सप्तर्षीतला वसिष्ठ आणि ध्रुवमत्स्यातला कोकॅब. त्यातली हुशारी अशी की आस डुलत असल्यामुळे ही जोडी हळूहळू चुकत जाते, म्हणून वेगवेगळ्या पिरॅमिडांची चूक वेगवेगळी, आणि चुकीवरून उलटं जाऊन वर्ष काढता येतं. तिने खुफूचं काम इ.स.पू. २४८०च्या आसपास सुरू झालं असं काढलं, रूढ तारखेपेक्षा सत्तर-पंचाहत्तर वर्षं अलीकडे. लगेच वाद झाला. स्पेनचे बेल्मोन्ते म्हणाले की दोन्ही तारे सप्तर्षीतलेच घ्या, पुलस्त्य आणि अत्रि, कारण इजिप्तचे लोक सप्तर्षीला बैलाचा पुढचा पाय समजायचे आणि देवळांच्या पायाभरणीच्या लेखांत राजा त्याच्याकडे बघून दोरी ताणतो असंच लिहिलंय. मात्र ते लेख एडफू, दंदेराच्या देवळांतले, पिरॅमिडांनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांचे, हे विसरून चालत नाही.

दुसरा रस्ता सूर्याचा, आणि तो तुम्ही उद्या साइटवर करून बघू शकता. जमिनीत एक सरळ काठी रोवायची आणि सावलीच्या टोकावर दिवसभर खुणा करायच्या. एरवी ह्या खुणांची रेघ वाकडी येते पण दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी ती जवळपास सरळ येते, थेट पूर्व-पश्चिम. ग्लेन डॅश नावाच्या इंजिनिअरने २०१६च्या सप्टेंबरमध्ये हे करून बघितलं, आणि त्याची रेघ किंचित घड्याळाच्या उलट्या दिशेला वळलेली आली. खुफू, खाफ्रे आणि दहशूरचा लाल पिरॅमिड, तिन्ही किंचित घड्याळाच्या उलट्याच दिशेला वळलेले आहेत. ह्याने सिद्ध काही होत नाही, पण तुमच्यासारख्याला विचारलं तर काठी आणि दोरी हेच पसंत पडेल असा माझा अंदाज आहे, मलाही पडतं. अर्थात पुरोहित रात्री आकाशाकडे बघत बसलेच असणार आणि सकाळी काठीवाल्याशी भांडले असतील.

"दादा, तीन पिरॅमिड म्हणजे मृग नक्षत्रातले तीन तारे जमिनीवर उतरवलेत, हे खरं ना? तिसरा लहान आणि थोडा बाजूला, अगदी तसाच!"

ही थिअरी रॉबर्ट बोवाल ह्यांची, १९८९ला पहिल्यांदा छापून आली आणि नव्वदच्या दशकात जगभर गाजली. खरं सांगतो, पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पण गच्चीवर जाऊन मृगाच्या पोटातला बाण बघत उभा होतो. दोन तारे सरळ रेषेत, तिसरा जरासा हललेला, आणि खाली दोन मोठे पिरॅमिड नि तिसरा मेनकौरेचा छोटा, रेषेतून सरकलेला. पटकन पटतं.

आता दिशा लावा. आकाशात जो तारा रेषेतून सरकलाय तो उत्तरेकडे सरकलाय. जमिनीवर सगळ्यात लहान पिरॅमिड नैर्ऋत्येला आहे. म्हणजे चित्र जुळवायला नकाशा उलटा धरावा लागतो, दक्षिण वर करून. ज्या लोकांनी उत्तर पकडायला अंशाचा पंधरावा भाग सोडला नाही त्यांनी नकाशाच उलटा लावला असं म्हणायचं का? थिअरीवाल्यांचं ह्याला उत्तर असं की इजिप्तमध्ये दक्षिण "वर" होती, नाईल तिकडून येते म्हणून. मान्य, नाईलचं खरंच तसं आहे, पण आकाशात ध्रुवाकडची बाजू वर राहते त्याचं काय.

दुसरी अडचण माणसांची. हे तीन पिरॅमिड एका राजाने एका प्लॅनवर बांधलेले नाहीत. खुफूनंतर गादीवर आला त्याचा मुलगा जेदेफ्रे, आणि त्याने आपला पिरॅमिड गिझा सोडून आठ किलोमीटर उत्तरेला अबू रवाशला बांधला. प्लॅन ठरलेला होता तर मधल्या भावाने मधला तारा सोडून पळ का काढला? बोवाल ह्यांनी आकाशातल्या आणखी तार्‍यांना आणखी पिरॅमिड जोडून बघितले पण ते काही बसत नाहीत. आणि कोन नीट जुळावा म्हणून तारीख नेली इ.स.पू. १०५००ला, तेव्हा तिथे दगड रचणारी वस्तीच नव्हती.

तिरक्या रांगेचं साधं कारण खडकात आहे. गिझाचं पठार चुनखडीचं, त्याचे थर आग्नेयेकडे उतरत जातात, आणि तिन्ही पिरॅमिड थरांच्या आडव्या दिशेने, ईशान्य ते नैर्ऋत्य असे बसलेत म्हणजे पाया साधारण एका पातळीवर मिळतो. आणि प्रत्येक नवा पिरॅमिड आधीच्याच्या मागे न ठेवता बाजूला सरकवला की त्याच्या उत्तरेचं आकाश मोकळं राहतं, कारण दरवाजा उत्तरेला. ते त्यांना महत्त्वाचं होतं.

पण मृग त्यांच्यासाठी काहीच नव्हता असं मात्र मी म्हणत नाही. मृगाला ते साह म्हणायचे, पुढे तो ओसिरिस ह्या देवाशी जोडला गेला, आणि व्याधाला सोपदेत, आणि पिरॅमिडांतल्या लेखांत राजा त्यांच्याबरोबर आकाशात उगवतो. त्यांचं मृगावर प्रेम होतंच, त्याचा नकाशा जमिनीवर काढला होता एवढंच मी नाकारतोय.

"मग आतल्या त्या अरुंद नळ्यांचं काय? त्या तर तार्‍यांवर रोखलेल्या आहेत म्हणतात. की नुसत्या हवेसाठी?"

राजाच्या दालनातून दोन आणि राणीच्या म्हणतात त्या दालनातून दोन, अशा चार नळ्या, प्रत्येक वीसेक सेंटीमीटर चौकोनी. १९६४मध्ये व्हर्जिनिया ट्रिंबल आणि अलेक्झांडर बदावी ह्यांनी गणित मांडलं, की राजाच्या दालनाची दक्षिण नळी सुमारे ४५ अंशांवर आहे आणि त्या काळात मृगाच्या बाणाचे तारे दक्षिणेला आले की तेवढ्याच उंचीवर असायचे, उत्तरेची ३२ अंशांवरची नळी ठुबानच्या बाजूला. ट्रिंबल म्हणजे खगोलशास्त्रातलं मोठं नाव, त्यामुळे ही थिअरी उलट्या नकाशाइतकी हलकी घेता येत नाही.

तरी एक गोष्ट आधी सांगतो, ह्यातून तारा बघता येत नाही. नळ्या दालनातून आधी आडव्या निघतात, मग वळतात, उत्तरेच्या तर मोठ्या दालनमार्गाला वळसा घालतात. राणीच्या दालनाच्या नळ्या दालनात उघडतच नव्हत्या, भिंतीचा पातळसा भाग तसाच ठेवला होता, १८७२मध्ये वेनमन डिक्सनने फोडून त्या शोधल्या. म्हणजे हवेसाठीही नाही! १९९३मध्ये गांटेनब्रिंक ह्यांनी दक्षिणेच्या नळीत छोटा रोबो चढवला, साठेक मीटर वर गेल्यावर समोर दगडी फळी आणि तिला तांब्याच्या दोन कड्या. २००२ला तिला भोक पाडून कॅमेरा घातला, सगळं जग टीव्हीसमोर, आणि मागे काय, तर आणखी एक दगड. पुढे २०११मध्ये दुसर्‍या रोबोने त्या मधल्या बोळकांडीत लाल रंगाने काढलेल्या खुणा टिपल्या, गवंड्यांच्या असतात तशा. मला तर त्या खुणा सोन्यापेक्षा जास्त आवडल्या.

आता राजाच्या दालनाच्या नळ्यांचा अँगल दोन बाजूंना वेगळा का, ह्याचं एक सरळसोट कारण आहे. दालन पिरॅमिडच्या बरोबर मध्ये नाही, दक्षिणेला सरकलेलं आहे. उत्तरेची नळी सुमारे ७१ मीटर, दक्षिणेची ५३, आणि दोन्ही बाहेर पडतात जवळपास एकाच उंचीवर, जमिनीपासून ८० मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना एकाच थरात बाहेर काढायच्या असतील तर लांबची मंद चढणार आणि जवळची ४५ला, एक वर एक आत, गवंड्याचा सगळ्यात सोपा उतार.

मग तारे की गवंडी? मला दोन्ही एकत्र चालतं. राजाच्या आत्म्याला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या आकाशात जायला वाट ठेवायची हा पुरोहितांचा विचार असेल, आणि ती वाट कुठल्या उतारावर ठेवायची ते काम करणार्‍याने ठरवलं असेल. एखाद्या ठरावीक तार्‍यावर नेम धरला होता हे म्हणायला मात्र वाकड्यातिकड्या नळ्या फार ढिल्या आहेत.

"दहशूरचा वाकडा पिरॅमिड मुद्दाम वाकडा आहे का? दोन कोन म्हणजे दोन तारे असं वाचलं."

नाही हो. खालचा उतार ५४ अंशांहून थोडा जास्त, मध्येच बदलून ४३. खुफूचा बाप स्नेफ्रू, त्याचं काम. आतल्या खोल्यांना भेगा पडल्या, वरच्या खोलीत सिडरच्या लाकडाचे टेकू अजून आहेत. वजन जास्त होतंय बघून वरचा उतार कमी केला, आणि पुढचा लाल पिरॅमिड पायापासूनच ४३ने बांधला. खुफूचा साडेपाच सेकेद हा ह्या सगळ्या मनस्तापानंतर आलेला आहे.

"मोठ्या पिरॅमिडला चार नाही, आठ बाजू आहेत?"

प्रत्येक बाजू मधल्या रेषेवर किंचित आत दबलेली आहे, पेट्री ह्या इजिप्तच्या अभ्यासकाने १८८०-८२च्या मोजणीतच नोंदवलंय. डोळ्याला कळत नाही, वरून तिरप्या उन्हात कळतं. आत्ता दिसतो तो आतला गाभा, वरचं गुळगुळीत अस्तर मध्ययुगात काढून नेलं. आठ बाजू म्हणणं जास्त होतं, पण चूक म्हणणार नाही.

"एवढं सगळं गुलामांकडून? की बाहेरून कोणी आलं होतं?"

दोन्ही नाही. २०१३मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पिएर ताले ह्यांच्या टीमला पपायरस सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची डायरी आहे. चाळीसेक माणसांची टोळी, तुराच्या खाणीतून चुनखडी बोटीत भरायची आणि गिझाला पोचवायची, दहा दिवसांत दोन-तीन फेर्‍या. आज काय केलं, रात्र कुठे काढली, अशा नोंदी. पिरॅमिडचं नाव त्यात "आखेत-खुफू" असं येतं, खुफूचं क्षितिज. बाहेरून आलेल्याने एवढी हजेरी लिहिली नसती.

"मी नववीत आहे. माझा प्रश्न छोटा आहे. राजाला तार्‍यांकडेच का जायचं होतं? सूर्य असताना?"

छोटा कसला, तूच सगळ्यात नेमकं विचारलंस. त्यांना दोन्ही हवे होते. पण उत्तरेच्या आकाशात ध्रुवाभोवतीचे तारे कधी मावळत नाहीत, नुसते गोल फिरत राहतात, आणि त्यांना ते "इखेमू-सेक" म्हणायचे, म्हणजे ज्यांना नाश माहीत नाही असे. सूर्य रोज संध्याकाळी जातो, मृग-व्याधसुद्धा वर्षातले काही आठवडे दिसेनासे होतात, हे तारे मात्र रोज रात्री हजर. मेल्यावर राजाला त्यांच्यात जाऊन बसायचं होतं. म्हणून दरवाजा उत्तरेला. खुफूचा उतरता बोगदा शंभर मीटरहून लांब आहे आणि त्याचा उतार सुमारे साडेसव्वीस अंश, म्हणजे दोन हात आडवं गेलं की एक हात खाली. तळाशी उभं राहून मागे बघितलं तर दूरवर आकाशाचा एक चौकोनी तुकडा, उत्तरेचाच.

खुफूच्या आत एकही तारा काढलेला नाही, एक अक्षरही कोरलेलं नाही. ते सुरू झालं दोनशे वर्षांनी, सक्कार्‍याला, उनास राजाच्या पिरॅमिडात. तो खुफूच्या मानाने अगदीच लहान, बाहेरून बघितलास तर ढिगाराच वाटेल. आत मात्र भिंती मंत्रांनी भरलेल्या आहेत आणि वर छतावर रांगाच्या रांगा पाच टोकांच्या तार्‍यांच्या, सगळे सारखे, वहीच्या मागच्या पानावर आपण काढतो तसे.